बावीस लेव्हल आणि आईची कोडबळी

माझ्या बहिणीचं लग्न एका रानडुकरामुळे मोडता मोडता राहिलं.

डुक्कर खरं नव्हतं. कॉम्प्युटरमधलं होतं, करंगळीएवढं होतं, आणि मला ते आजतागायत मारता आलेलं नाही. पण त्याच्यावरचा राग मी केव्हाच सोडलाय. उलट तो रविवार आठवला की अजूनही माझ्या तोंडून मोठा सुस्कारा बाहेर पडतो. (बायको स्वयंपाकघरातून विचारते, "पुन्हा डुक्कर आठवलं का?")

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या अगदी शेवटाची. आम्ही बेंगळुरातले जुने मराठी. साडेतीनशे वर्षांपूर्वी आमचे पूर्वज कुठल्याशा फौजेबरोबर इथे आले आणि इथलेच झाले. आप्पांच्या मते ते घोड्यावर बसून आले. आजोबांच्या मते घोड्याच्या मागून चालत आले. आप्पा, आई, धाकटी बहीण विद्या आणि मी असे आम्ही चौघं जे. पी. नगरात राहायचो. विद्या बँकेत होती. मी होसकोट्याच्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळत होतो, म्हणजे नट-बोल्ट कोणी नेले ते लिहून ठेवत होतो.

विद्याला बघायला एक स्थळ आलं. मुलगा समीर, मूळचा पुण्याचा, इथे सॉफ्टवेअरमध्ये, बनशंकरीला भाड्याने राहणारा. बरोबर त्याचे मामा. समीरला वडील नव्हते, म्हणून सगळी सूत्रं मामांच्या हातात. आईने उप्पीट आणि केसरीभात केला होता. मामांनी पहिला घास घेतला आणि जाहीर केलं, "हे बघा, आमच्या घरात एकच नियम. खोटं चालत नाही! मागचं स्थळ मी एवढ्यावरून मोडलं, की मुलीच्या भावाने स्कूटर स्वतःची म्हणून सांगितली आणि ती निघाली शेजाऱ्याची!"

आम्ही सगळ्यांनी जोरजोरात माना हलवल्या. सर्वांत जोरात मी.

यानंतर बरोबर तीन मिनिटांनी मी खोटं बोललो.

झालं असं, की बोलणं अडलं. समीर लाजाळू, विद्या गप्प, आणि मामा दुसऱ्यांदा केसरीभात वाढून घेत होते. शांतता असह्य होऊन मी समीरला आवडीनिवडी विचारल्या. तो म्हणाला, की इंटरनेटवर एक खेळ आहे, त्यात जंगल असतं, किल्ले असतात, जगभरातली माणसं एकाच वेळी खेळतात, तो त्याला आवडतो. मला तर आनंदच झाला, कारण आमच्या रस्त्यावरच्या सायबर कॅफेत तो खेळ मी तीनदा खेळलो होतो. नाव घेतलं होतं 'होसकोटे हुली'. (हुली म्हणजे वाघ.) तिन्ही वेळा वेशीबाहेर पाऊल टाकताच एका रानडुकराने मला ठार केलं होतं.

"कितव्या लेव्हलला आहात?" मी विचारलं.

"पंचवीस," समीर म्हणाला आणि घटाघटा पाणी प्याला.

"वा! मी बाविसाव्या!"

माझी खरी लेव्हल होती दोन. त्यातली पहिली नाव नोंदवल्याबद्दल मिळते आणि दुसरी वेशीपर्यंत चालत गेल्याबद्दल.

"मग झालं तर!" मामा खूश झाले. "पंधरा दिवसांनी रविवारी दोघं शेजारी बसून खेळा. आम्ही सगळे बघायला येतो. माणूस खेळताना कळतो!"

पाहुणे गेले आणि विद्या माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "अण्णा, तू कधीपासून बाविसाव्या लेव्हलला?"

"स्वल्प वाढवून सांगितलं गं."

"वीस लेव्हल म्हणजे स्वल्प?" मग तिचा आवाज खाली आला. "अण्णा, मला हा मुलगा आवडलाय. आतापर्यंतच्या सगळ्यांनी उप्पीट छान झालंय म्हणून सांगितलं. हा एकटाच हळूच म्हणाला, की मीठ जास्त पडलंय, पण मी खातोय. सरळ माणूस आहे. आणि तू त्याच्यासमोर..." मला इतकं वाईट वाटलं, की मी खरं सांगायला तीनदा फोनपाशी गेलो. तिन्ही वेळा शेजाऱ्याची स्कूटर डोळ्यांपुढे आली आणि मी परत फिरलो.

दुसऱ्या दिवशी कॅफेच्या मालकाने उपाय सांगितला. कोपऱ्यातल्या मशीनवर रोज दहा ते पाच एक गृहस्थ बसतात, गुंडूराव सर. कपाळाला गंध, अंगात स्वेटर, पायात कॅनव्हासचे बूट. त्यांना आपलं खेळातलं नाव आणि पासवर्ड द्यायचा. ते आपल्या नावाने खेळतात, आपली लेव्हल वर चढवतात आणि त्याचा मोबदला घेतात. आपण घरी बसून फक्त मोठं व्हायचं! माझ्यासारख्या माणसासाठी याहून सोयीचं काही जगात असेल असं मला वाटलं नाही.

घरी बैठक बसली.

"पासवर्ड म्हणजे काय रे?" आईने विचारलं.

"घराची किल्ली समज."

"आणि ती परक्या माणसाला द्यायची? गॅसवाल्याला मी दारातून सिलिंडर ढकलायला लावते!"

"नुसती किल्ली नाही," विद्या म्हणाली. बँकेत असल्यामुळे ती बारीक अक्षरातलं सगळं वाचायची. "सुरुवातीच्या पानावरच लिहिलंय, की दुसऱ्याकडून खेळवून घेतलं तर नाव कायमचं काढून टाकू."

"अमेरिकेत बसून त्यांना काय कळणार?" मी म्हणालो.

"सगळं कळतं. त्यांना दिसत असतं."

आईने उठून खिडकीचा पडदा ओढून घेतला.

"आणि हा माणूस तुझं सामान घेऊन पळाला तर?" आप्पांनी विचारलं.

"माझ्याकडे एक काठी आणि अर्धी भाकरी आहे, आप्पा."

"बरं, समजा सगळं सुरळीत झालं," विद्या म्हणाली. "नाव राहिलं, माणूस पळाला नाही, लेव्हल बावीस झाली. रविवारी खेळणार कोण?"

हा खरा प्रश्न होता. चौघांत जी सर्वांत शहाणी होती तिने तो विचारला, आणि मी उत्तर दिलं, "बघू की!"

शेवटी आप्पांनी निकाल दिला. "चौकशी करू. चौकशी केल्याशिवाय आपण पोस्टमन बदलू देत नाही."

आप्पांची चौकशी ही आमच्या घराण्यातली मोठी चीज होती. विद्यासाठी आलेल्या प्रत्येक स्थळाचं एक पान त्यांच्या निळ्या डायरीत होतं. नाव, गोत्र, शिक्षण, स्वभाव, व्यसन, आणि शेवटी 'कोणी सांगितलं'. गुंडूराव सरांसाठी त्यांनी कोरं पान उघडलं, तेच रकाने आखले आणि आईने बरोबर दिलेला कोडबळ्यांचा डबा पिशवीत टाकून माझ्यासोबत कॅफेत आले. (कोडबळी म्हणजे पुण्यामुंबईची कडबोळीच, फक्त अधिक तिखट आणि दाताची परीक्षा बघणारी.)

"शिक्षण?" आप्पांनी सुरुवात केली.

"गणितात एम. एस्सी. की हो. बेळगावात बारा वर्षं शिकवलो. म्हणून मराठी येतंय."

"मग हे काम का करता?"

"रिटायर झालो. घरात बसलो तर बायको भाजी चिरायला लावती. इथं शांतपणे डुकरं मारतो."

"व्यसन?"

"चहा."

"यापूर्वी कोणाकोणाला वर चढवलंत? नावं द्या. आम्ही त्यांना विचारणार."

गुंडूराव सर ताठ बसले. "नाव सांगणार नाही. गिऱ्हाईकाची अब्रू असती. खेळातलं नाव देतो, तुम्हीच निरोप धाडा."

त्यांनी तीन नावं दिली. आप्पांनी ती डायरीत उतरवली आणि तिघांना एकच निरोप धाडला. आप्पा इंग्रजीत सांगत होते, मी एका बोटाने टाइप करत होतो. हे गृहस्थ विश्वासू आहेत का? कामात टाळाटाळ करतात का? आपलं बिंग कोणापुढे फुटलं का? आणि सवयीने आप्पांच्या तोंडून निघून गेलं म्हणून शेवटी, आपलं गोत्र कोणतं?

"आप्पा, गोत्र कशाला?"

"असू दे. रकाना रिकामा बरा दिसत नाही."

दोघांनी उत्तर दिलंच नाही. तिसऱ्याने, 'श्यामकर्ण' नावाच्या कोणा सज्जनाने, दुसऱ्याच दिवशी दिलं. आप्पांनी ते घरी खड्या आवाजात भाषांतर करून वाचलं. "सर अत्यंत विश्वासू. काम चोख. तीन महिने झाले, ऑफिसात सगळे मला मानतात, कोणालाही संशय नाही. एकच सल्ला, कोणासमोर खेळायला बसू नका. गोत्र कौशिक." आप्पांनी डायरी मिटली. "कौशिक! म्हणजे आपल्या समीरचंच गोत्र! शुभ शकुन आहे!"

एवढी हुशार आमची माणसं! चौघांपैकी एकाच्याही डोक्यात उजेड पडला नाही.

"पण तो म्हणतोय, कोणासमोर बसू नका," विद्या म्हणाली. "आणि अण्णा तर सगळ्यांसमोर बसणार आहे."

"बघू की," मी पुन्हा म्हणालो. आवाज मात्र जरा बारीक झाला होता.

मोबदल्याचं आप्पांनी पहिल्या भेटीतच विचारलं, तेव्हा सरांचं नाक आमच्या पिशवीकडे वळलं होतं. "पैसे नको हो, पेन्शन आहे. ते काय आहे, कोडबळी? एका लेव्हलला एक डबा. सरी?"

"सरी," आप्पा म्हणाले, म्हणजे ठरलं. आईला कोणी विचारलं नाही!

मग आमच्या घरात कढई चढली ती उतरेचना. वीस लेव्हल, वीस डबे. सर चौथ्या लेव्हलपर्यंत एका दिवसात पोचले आणि आईचे हात दुखायला लागले. "तुझं एक डुक्कर मरायला मला वाटीभर पीठ लागतंय!" ती झाऱ्या माझ्यावर रोखून म्हणायची. मी ठरवलं, की निदान सकाळ-संध्याकाळ जाऊन थोडा सराव करावा. पण एका नावाने एका वेळी एकालाच आत जाता येतं, सकाळी कॅफे उघडायच्या आत मला कामावर निघावं लागायचं, आणि सुटीच्या दिवशी जाऊन बघावं तर सर आत! संध्याकाळी ते उठायचे तेव्हा मी होसकोट्याहून येणाऱ्या बसमध्ये लटकलेला असायचो, आणि पोचेपर्यंत कॅफेची टेलिफोन लाइन गेलेली असायची. माझ्याच नावाने मलाच आत जायला मिळेना. होसकोटे हुली दिवसेंदिवस बलवान होत होता आणि माझं त्याच्याशी काही देणंघेणं उरलं नव्हतं.

तळणीचा वास आठवडाभर गल्लीत पसरल्यावर शेजारच्या सरोजाक्कांनी कुंपणावरून विचारलं, "मदुवे फिक्स आयता?" म्हणजे लग्न ठरलं का. आई थकलेली होती. पीठ मळता मळता तिने नुसती मान हलवली. ती नाही म्हणून हलवली होती, पण सरोजाक्कांना ती हो म्हणून दिसली. दोन दिवसांत आख्खी गल्ली तारीख विचारायला लागली. इस्त्रीवाल्याने विद्याचं अभिनंदन केलं. एका बाईंनी तर ओटीचा खण आणून दिला! आता स्थळ मोडलं असतं, तर विद्याला रस्त्यातून मान वर करून चालणं कठीण होतं. ती मला काहीच बोलत नव्हती, आणि त्यानेच मी अर्धा झालो.

शनिवारी लेव्हल बावीस झाली. सरांनी शेवटचा डबा घेतला आणि मला माझा वाघ दाखवला. सोन्याचं चिलखत, पांढरा घोडा, पाठीवर दोन तलवारी. "आता सांभाळ," ते म्हणाले. मी विचारलं, घोडा चालतो कसा?

आता एकच आशा होती. रविवारी लाइन जायला हवी होती. एरवी ती तासातून चारदा जायची! ती जावी म्हणून आई शुक्रवारी राहुकाळात, इथल्या रीतीप्रमाणे, बनशंकरीच्या देवळात लिंबाच्या सालीतला दिवाही लावून आली होती. रविवारी सकाळी दहाला आम्ही कॅफेत पोचलो. मालक हसत म्हणाला, "आज लाइन एकदम फर्स्ट क्लास, सर! सकाळपासून एकदाही गेली नाही."

समीर आणि मी शेजारी बसलो. मागे मामा, आप्पा, आई आणि विद्या रांगेत उभे. कोपऱ्यात गुंडूराव सर पाठ करून बसले होते, मान स्वेटरमध्ये घालून.

"तुम्ही सुरू करा," मी समीरला म्हणालो.

"नाही नाही, आधी तुम्ही."

"तुमची लेव्हल मोठी आहे."

"तुम्ही वयाने मोठे आहात."

"अरे खेळा की!" मामा कडाडले.

आम्ही आत शिरलो. दोन सोनेरी वीर वेशीपाशी प्रकट झाले. मामांनी "वा!" म्हटलं. मी एक बटण दाबलं. माझा घोडा भिंतीकडे तोंड करून भिंतीतच चालायला लागला. दुसरं दाबलं, तर मी घोड्यावरून उतरलो आणि दोन्ही तलवारी जमिनीवर ठेवल्या. समीरला हसू येत असणार म्हणून मी हळूच त्याच्या पडद्याकडे बघितलं, तर त्याचा वीर जागच्या जागी गरागरा फिरत होता!

एवढ्यात झुडपातून ते आलं. तेच. करंगळीएवढं. आधी त्याने होसकोटे हुलीला आडवं केलं, मग जरा पुढे जाऊन समीरच्या वीराला.

"हे काय?" मामांचा आवाज चढला. "बावीस आणि पंचवीस लेव्हलची माणसं डुकराने मारली?"

समीरच्या पडद्यावर शोकसंदेश उमटला, 'श्यामकर्ण धारातीर्थी पडला.' मी मान खाली घातली आणि कबुलीची जुळवाजुळव करायला लागलो. तेवढ्यात मागून आप्पांचा आनंदाने ओथंबलेला आवाज आला. "श्यामकर्ण? अहो, श्यामकर्ण म्हणजे तुम्हीच का? तुमच्या उत्तराबद्दल आभार मानायचे राहूनच गेले हो!" आणि त्यांनी निळी डायरी उघडून पान समीरपुढे धरलं.



समीर खुर्चीत वळला. "म्हणजे... गोत्र विचारणारे तुम्ही?"

कोपऱ्यातून गुंडूराव सरांना राहवलं नाही. "अय्यो! दोघं पण माझेच गिऱ्हाईक की हो!"

मामांनी समीरकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग डायरीतल्या पानाकडे. त्यांनी ते पान पहिल्या रकान्यापासून 'कोणी सांगितलं'पर्यंत सावकाश वाचून काढलं. स्कूटरवाल्या भावाचं काय झालं होतं ते मला माहीत होतं. मी विद्याकडे बघायचं धाडस केलं. ती पांढरीफटक पडली होती, पण बोलली तीच.

"समीर, तुम्हाला हा खेळ येतो का?"

"नाही," तो म्हणाला. "अजिबात नाही. ऑफिसात सगळे चिडवायचे म्हणून लेव्हल वाढवून घेतली. त्या दिवशी तुमच्या घरी इम्प्रेशन पडावं म्हणून बोलून गेलो. नंतर तीनदा तुम्हाला फोन करायला निघालो होतो, पण मामांची भीती वाटली. सॉरी. मला डुक्करसुद्धा मारता येत नाही."

"उपिटात मीठ जास्त होतं, ते तरी खरं?"

"ते अगदी खरं."

विद्या हसली. पंधरा दिवसांत पहिल्यांदा हसली, आणि मला रडू आलं. (डोळ्यांत काहीतरी गेलंय असं सांगितलं. तेही खोटंच.)

सगळे मामांकडे बघायला लागले. मामांनी डायरी मिटून आप्पांच्या हातात दिली. "पत्रिकेत छत्तीसपैकी अठराच गुण जमत होते," ते म्हणाले. "मला चिंता होती, की उरलेले अठरा कुठून आणायचे. ते इथे जमले! दोन्हीकडचे सारखेच लबाड, आणि लबाडीतही सारखेच कच्चे. आता पुन्हा खोटं बोलाल तर याद राखा!" मग नाक उडवत त्यांनी विचारलं, "तो खमंग वास कसला येतोय?" गुंडूराव सरांनी निमूटपणे डबा पुढे केला.

आमच्या सगळ्यांच्या छातीवरचा धोंडा एकदम उतरला. आई तर तिथल्याच स्टुलावर बसली आणि पदराने वारा घ्यायला लागली. आठवड्याभरात त्या खेळाच्या कंपनीने आमची दोन्ही नावं काढून टाकली. परक्याकडून खेळवून घेतल्याबद्दल, कायमची! विद्याने वाचलेलं बारीक अक्षर खरं निघालं. पण नाव गेल्याचा इतका आनंद मला पुढे नोकरीतल्या बढतीनेही झाला नाही. ओटीचा खण परत करावा लागला नाही. लग्नात गुंडूराव सर पहिल्या पंगतीला होते.

गंमत पुढेच आहे. लग्नानंतर विद्याने स्वतः तो खेळ सुरू केला, सरांकडे रीतसर शिकून, पहिल्या लेव्हलपासून. वर्षभरात ती चाळिशीच्या पुढे गेली. आमच्या कारखान्यात तोपर्यंत इंटरनेट आलं होतं, सगळे तोच खेळ खेळायला लागले होते, आणि एकदा डबा खाताना माझ्या तोंडून निघून गेलं, की मी तिसाव्या लेव्हलला आहे.

त्या संध्याकाळी मी विद्याला फोन केला. "विद्या, एक काम होतं. मी नवीन नाव घेतलंय. तू जरा..."

"करते की," ती म्हणाली. "पण अण्णा, थांबावं लागेल. तुझ्याआधी समीरचा नंबर आहे."

मी फोन ठेवला आणि आईला म्हणालो, "आई, कढई कुठे ठेवलीस गं?"